शाळेच्या लॅबला ओपन सोर्स अँटिव्हायरस पुरेल का?

लॅबमास्तर: आमच्या लॅबमध्ये २२ मशीन, विंडोज १०, रॅम ४ जीबी. पेड अँटिव्हायरसचं लायसन संपलंय आणि मुख्याध्यापक म्हणतात सादिलमध्ये (शाळेच्या किरकोळ खर्चाच्या निधीत) पैसे नाहीत. माझं मत, सरळ क्लॅमविन हे ओपन सोर्स अँटिव्हायरस टाकावं. जीपीएल (मुक्त सॉफ्टवेअरचं) लायसन आहे, कितीही मशीनवर टाका. घरी वापरतो ते फुकटचे अँटिव्हायरस शाळेत चालत नाहीत, बहुतेकांची अट घरगुती वापराचीच असते, पण ती वाचतो कोण!

वायरमन_नेटवाला: सर, क्लॅमविनमध्ये रियल टाइम स्कॅनच नाही, म्हणजे फाइल उघडताक्षणी तपासणी होत नाही. पोरगं पेनड्राइव्ह लावणार, शॉर्टकट व्हायरस सगळ्या फोल्डरवर बसणार आणि तुमचं क्लॅमविन शेड्यूल लावलेल्या वेळी उठून सांगणार की चोर येऊन गेला. तेही रात्रीचं शेड्यूल असेल तर लॅबच बंद. तो संपलेला पेडवाला काढून टाका, विंडोजमधलाच डिफेंडर अँटिव्हायरस आपोआप चालू होतो, तोही फुकटच आहे की.

लॅबमास्तर: डिफेंडर ४ जीबीत मशीन रडवतो हो. तास ३५ मिनिटांचा, त्यातली दहा मिनिटं पोरं नुसती गोल फिरताना बघत बसतात.

वायरमन_नेटवाला: मग क्लॅम काय हवा खाऊन जगतं? स्कॅनला बसलं की सिग्नेचर, म्हणजे व्हायरसच्या ओळखखुणा, लोड करायलाच १ जीबीच्या आसपास रॅम घेतं.

उबंटूकर: दोघंही चुकीच्या जागी भांडताय. क्लॅमएव्ही, म्हणजे क्लॅमविनच्या आतलं इंजिन, मेल सर्व्हरवर जास्त शोभतं, पोरांच्या डेस्कटॉपवर नाही. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं विंडोजऐवजी लिनक्सवर (उबंटू त्यातलंच) चालल्यात, आपल्याला काय धाड भरलीय?

प्रश्नपत्रिका_मॅडम: धाड नाही, श्रीलिपी, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर! सगळे जुने पेपर त्यात टाइप केलेत, ते तुमच्या उबंटूत कोण उघडून देणार?

वायरमन_नेटवाला: आणि २०१७ च्या मे मधलं वॉनाक्राय (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आठवा, विंडोजचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मार्चमध्येच आला होता, ज्यांनी टाकला नाही ते अडकले. विंडोज १० चा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आधी मुलांच्या अकाउंटचे अ‍ॅडमिन राइट काढा, ऑटोरन (पेनड्राइव्ह लावताच आपोआप प्रोग्रॅम चालणं) बंद करा, मग अँटिव्हायरसचं बोलू.

लॅबमास्तर: रियल टाइमचं मान्य, डिफेंडर ठेवतो. पण ऑफिसातल्या ८ जीबीवाल्या मशीनवर क्लॅमविन टाकणारच, बाहेरचा प्रत्येक पेनड्राइव्ह तिथे तपासूनच लॅबमध्ये जाईल, मॅडमचासुद्धा.

प्रश्नपत्रिका_मॅडम: माझा कशाला??