‘दियालेत्तो’ला ‘बोली’ म्हणावं का?

सध्या एका इटालियन कथेचा अनुवाद करते आहे. कथा नापोलीत, म्हणजे आपण ज्याला नेपल्स म्हणतो तिथे घडते. पहिल्याच पानावर आई खिडकीतून मुलाला हाक मारते, ‘इन दियालेत्तो’. कोशात ‘दियालेत्तो’समोर ‘बोली’ दिलंय. मीही ‘बोलीत हाक मारली’ असं लिहिलं, आणि खोडलं.

मराठीत ‘बोली’ म्हटलं की ‘कशाची?’ हे पाठोपाठ येतं. वऱ्हाडी मराठीची, तशी नापोलितानो (नापोलीची भाषा) इटालियनची, असं वाचक धरून चालणार. ते खरं नाही. लॅटिनमधल्या ‘प्लूस’चं (अधिक) इटालियनमध्ये ‘प्यू’ झालं, नापोलीत ‘क्यू’. ‘प्लानुस’चं (सपाट) इकडे ‘प्यानो’, तिकडे ‘क्यानो’. ‘प्ल’ दोन वाटांनी गेला. म्हणजे या दोघी बहिणी, एक दुसरीच्या पोटची नव्हे. भूक लागली तर इटालियन माणूस म्हणतो ‘ओ फामे’, नापोलीचा ‘तेंग फाम्म’. क्रियापदच निराळं.

मग इटालियन म्हणजे कोण? मुळात फ्लोरेन्सची भाषा. चौदाव्या शतकात दान्ते, पेत्रार्का, बोकाच्चो यांच्या लेखनाने ती मोठी झाली. १८६१ साली देश एक झाला तेव्हा ती किती जणांना येत होती? भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरो यांचा अंदाज शंभरात अडीच, तर दुसरे भाषाशास्त्रज्ञ कास्तेल्लानी यांचा सुमारे दहा. बाकीचे आपापल्या गावची भाषा बोलत होते. मिलानचे कादंबरीकार मांझोनी यांनाही फ्लोरेन्सची भाषा शिकूनच घ्यावी लागली. १८२७ मध्ये आपली कादंबरी छापून झाल्यावर ते फ्लोरेन्सला गेले, तिथलं बोलणं कान देऊन ऐकलं आणि अख्खी कादंबरी नव्याने लिहून काढली. ती आवृत्ती १८४० ते १८४२ दरम्यान निघाली. ‘आर्नो नदीत कपडे खळबळून घेणे’ हा तिकडचा वाक्प्रचार त्यावरूनच आला. मला तो फार आवडतो.

एक गल्लत मात्र टाळायला हवी. कलिंगडाला उत्तरेत ‘आंगूरिया’ म्हणतात, तोस्कानात, म्हणजे फ्लोरेन्सच्या प्रांतात, ‘कोकोमेरो’. हा दियालेत्तो नाही, दोन्ही शब्द इटालियनच आहेत, फक्त प्रांत वेगळे. आपल्याकडे पुण्यात कलिंगड आणि नागपुरात टरबूज, तसंच.

१९९९ च्या ४८२ क्रमांकाच्या कायद्याने इटलीत बारा अल्पसंख्य भाषांना संरक्षण मिळालं. सार्डिनियन, फ्रिउलियन त्यात आहेत. नापोलितानो, सिसिलियन, व्हेनिशियन नाहीत. भाषा कुठली आणि बोली कुठली, हे नुसत्या व्याकरणाने ठरत नाही. कोकणीवरून झालेला वाद आठवा. साहित्य अकादमीने ती स्वतंत्र भाषा मानली १९७५ मध्ये आणि आठव्या परिशिष्टात ती आली १९९२ मध्ये. कोकणी काही त्या वर्षी बदलली नव्हती.

म्हणून निवेदनात मी ‘नापोलितानोत हाक मारली’ असं करणार आहे. त्या आईच्या तोंडी मात्र ‘आपली भाषा’. पुढे शाळेतली बाई मुलावर डाफरते, ‘वर्गात दियालेत्तो नको’, तिथे ‘गावठी’च हवं, कारण तिच्या तोंडी त्या शब्दात तुच्छता आहे. एकाच शब्दाला तीन ठिकाणी तीन प्रतिशब्द देणं मला चूक वाटत नाही. तिघांच्या मनात तो शब्द एक नाहीच.

संवाद मालवणीत घाला, असं एका मैत्रिणीने सुचवलं. मोह झाला, पण मालवणी ऐकली की वाचक कुडाळ-सावंतवाडीत पोचतो, आणि ती गल्ली, तो व्हेसुव्हियस ज्वालामुखी पुसला जातो. त्यापेक्षा साधी, घरगुती, तुटक मराठी बरी.

आता खरी अडचण त्या हाकेची. आई म्हणते, ‘ग्वाल्यो!’ इटालियनमध्ये याला ‘रागाझ्झो’, म्हणजे मुलगा. पण ‘ग्वाल्यो’त रस्त्यावर उंडारणारं पोरही आहे आणि मायाही. ‘बाळा’ फार मऊ, ‘कार्ट्या’ फार कडक. ‘पोरा’वर थांबले आहे, पण त्यात तिचा खणखणीतपणा येत नाही. तुमच्या भागात दहा वर्षांच्या मुलाला, नाव न घेता, आई खिडकीतून काय म्हणून हाक मारते?