मामांची रेसिंग सायकल: रंग काढू का?

प्रश्न: नारायण पेठेतल्या वाड्याच्या माळ्यावर मामांची रेसिंग सायकल सापडली. सीटखालच्या नळीवर पुसट ‘रेनॉल्ड्स ५३१’ (स्टीलच्या नळ्यांचा प्रकार) असं स्टिकर आहे. गंज वरवरचाच. पावडर कोटिंग करून घेऊ का?

प्रतिसाद: अहो, थांबा! त्याआधी वाळूचा मारा करतात. ५३१च्या नळ्या बहुधा टोकांना जाड, मधे पातळ. पत्रा खाल्ला जाईल. स्टिकर जाईल तो वेगळाच. आधी सांधे बघा. हाताने केलेल्या फ्रेमला लगचे, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या खोबणीचे, काठ कानशीने निमुळते केलेले असतात, फटीतून सांधा जोडणाऱ्या पितळेची बारीक पिवळी रेघ दिसते. मुंबई-पुणे शर्यतीला आम्ही खंडाळ्यात उभे राहायचो. गिअरचा खटका खालच्या नळीवर, म्हणजे ऐन बोरघाटात हँडलचा एक हात सोडायचा! पाय चामडी पट्ट्यात आवळलेले, पडला तर सायकलसकट. घाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ उगाच म्हणत नाहीत. हल्लीच्या कार्बन-फ्रेमवाल्यांनी एकदा करून बघावं.

प्रतिसाद: काका, कार्बनला नावं ठेवू नका हो! पण बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्सचा १९७२चा तासाचा विक्रम, म्हणजे एका तासात ४९.४३१ किमी, कोल्नागो या इटालियन कंपनीच्या स्टीलच्या सायकलवरच झाला, हे मान्य.

प्रश्नकर्ता: पिवळी रेघ दिसली! आता रॉकेल, फडकं आणि रविवार.