तासाभराचा सिनेमा आणि काकांचा स्पॉयलर

मी: काल रात्री 'टेरर बाय नाइट' बघितला. १९४६ चा, शेरलॉक होम्सचा, ब्लॅक अँड व्हाइट आणि फक्त ६० मिनिटांचा. पैसे नव्हते हे जागोजागी दिसतं पण मजा आली राव. लंडनहून एडिनबरोला निघालेली रात्रीची गाडी, एक मोठ्ठा हिरा, एक शवपेटी आणि खून. बघा कुणीतरी मग बोलू

काका: बघितलाय. तो वॉटसनचा मित्र मेजर म्हणजेच कर्नल मोरन, खरा व्हिलन

ताई: बाबाऽऽऽ

आत्या: दादा!!! अरे मी बघतेय आत्ता, दुपारपासून लावलाय. आत्ता कुठे पहिला खून झालाय

काका: अगं जवळजवळ ८० वर्षं झाली त्या सिनेमाला. अजून किती थांबायचं लोकांनी

आत्या: मला काय माहीत ८० वर्षांपूर्वी, मी जन्माला तरी आले होते का

मी: आत्या बंद करू नकोस, सिनेमाच ते मध्ये फोडतो, शेवटपर्यंत झाकून ठेवलेलं नाहीये. खुनी कोण यापेक्षा आता हा सुटतो कसा ते बघायचं

ताई: मला एक सांगा, गाडी बाहेरून दाखवतात तेव्हा दर वेळी वेगळी का दिसते?? इंजिन वेगळं, डबे वेगळे. मी दोनदा मागे नेऊन बघितलं

मी: हो ना 😂 स्टॉक फुटेज. कुठल्या कुठल्या जुन्या रिळांतले गाडीचे तुकडे आणून जोडलेत. आतला सेट म्हणजे एक बोळ, चारपाच कंपार्टमेंट आणि सामानाचा डबा, संपलं. पण मला तेच आवडलं, कुणाला पळून जायला जागाच नाही, होम्सला दार उघडलं की समोर संशयित. मोठं बजेट असतं तर हे लोक मधेच कुठेतरी उतरले असते आणि अर्धा तास वाढला असता

काकू: मला तो होम्सचा जोडीदार वॉटसन अजिबात आवडला नाही. गोष्टी वाचल्यात मी मराठीत, त्यात तो डॉक्टर आहे, सैन्यातून आलेला, शहाणा माणूस. इथे नुसता बावळट करून ठेवलाय. त्या गणिताच्या प्रोफेसरची चौकशी करायला जातो आणि प्रोफेसरच त्याला फैलावर घेतो

ताई: आई तोच तर बेस्ट सीन आहे

काकू: हसले मी पण, नाही असं नाही. आणि ते म्हातारं जोडपं, वॉटसनला वाटतं आता गुन्हा कबूल करतायत आणि निघते काय तर हॉटेलमधून ढापलेली किटली. तिथवर बघितलं, मग डोळा लागला माझा

काका: वॉटसन झालेल्या नायजेल ब्रूसला नावं ठेवू नका. होम्स झालेला बॅझिल रॅथबोन आणि तो, दोघांनी मिळून १४ सिनेमे केले, त्यातले पहिले २ फॉक्स स्टुडिओचे १९३९ चे आणि मग युनिव्हर्सलचे १२, आणि त्या बारातले ११ एकाच दिग्दर्शकाने काढले, रॉय विल्यम नील, हा शेवटून दुसरा, आणि त्याच वर्षाच्या शेवटी नील गेलाच. कमी पैशात भराभर काढायचे तरी बघा त्या बोळातली सावली कशी आहे, कंपार्टमेंटच्या दाराची काच, बाहेर अंधार, उगाच नाही माणूस खिळून बसत. आणि मोरन हवेतनं आणलेला नाहीये हां, होम्स लिहिणाऱ्या डॉयलच्या 'रिकाम्या घरा'च्या गोष्टीतला आहे, तिथे एअरगन इथे विषारी बाण

मी: काका हे आधी लिहायचं आणि मोरनचं नंतर, तर चाललं असतं

ताई: 😂😂

मी: एक सीन मात्र खरंच अंगावर येतो. होम्सला चालत्या गाडीतून दाराबाहेर ढकलतात आणि तो बाहेरून लटकतो. तो रुळावर पडणार नाही हे आपल्याला पक्कं माहीत असतं, मागे पडदा हलतोय हेही कळतं, तरी मी उशी घट्ट धरून बसलो होतो

ताई: आणि शवपेटी! तळाला चोरकप्पा आणि त्यात माणूस. लॉजिक विचारायचं नाही पण. इतकी तयारी करायची, एक बाई आईचं प्रेत म्हणून पेटी घेऊन फिरणार, एक माणूस त्यात झोपून येणार, आणि हिरा तर होम्सने आधीच बदललेला

काका: म्हणूनच तो होम्स

ताई: म्हणूनच ६० मिनिटांत संपतो, नाहीतर २० व्या मिनिटाला पोलिसांना सांगून टाकायचं, हिऱ्याच्या मालकिणीचा मुलगा तरी वाचला असता

काका: लेस्ट्रेड होता की गाडीत, तोही पोलिसच

ताई: बाबा तो मोजायचा का

(दीड तासाने)

आत्या: झाला बघून. दादा तुझ्यावर राग होता पण खरं सांगू का, मोरन कोण ते कळल्यामुळे मी सगळा वेळ त्याच्याकडेच बघत बसले. वॉटसनशी क्लबातल्या जुन्या मित्रासारखा इतका गोड बोलतो ना, होम्स काही म्हणाला की हळूच मान डोलावतो, मला नुसती चीड येत होती. कळलं नसतं तर लक्षच गेलं नसतं त्या म्हाताऱ्याकडे

काका: बघ. उपकार मान

आत्या: अजिबात नाही. नशीब शेवटचं तू सांगितलं नाहीस, ते मधल्या स्टेशनवर चढलेले पोलिसच खोटे निघतात आणि मोरन समजून लेस्ट्रेडलाच घेऊन उतरतात, ते मला कळलं नव्हतं, जाम फसले मी

काकू: वन्सं, मी किटलीनंतर झोपले होते. आज रात्री बघणार होते पुढचं

काका: 🙏