मदत हवी आहे: नव्या घरात डक्ट कूलर बसवला, पण हवा खोल्यांपर्यंत पोचत नाही. सीलिंग फोडावं का?

आर्वीकर

नमस्कार मंडळी.

वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी जुनं मातीचं घर पाडून यंदा स्लॅबचं घर बांधलं. तिथे आई-बाबा दोघंच असतात, मी नोकरीमुळे पुण्यात. बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं आहे आणि त्यांना उन्हाळा अजिबात सोसत नाही. मातीच्या जाड भिंती होत्या तोवर दुपार कशीतरी निघायची. स्लॅबचं घर मात्र रात्री अकरापर्यंत तापलेलंच राहतं.

खोलीखोलीत लोखंडी कूलर ठेवायचे नव्हते. आईला रोज बादल्या उचलाव्या लागतात, आणि ओल्या पत्र्याला हात लागून करंट बसण्याची भीती वेगळी. म्हणून गच्चीवर एकच मोठा डक्ट कूलर बसवून चार ठिकाणी हवा न्यायची असं ठरवलं. पाटीवर ५००० सीएफएम (म्हणजे मिनिटाला ५००० घनफूट हवा) लिहिलंय. कूलरचं तोंड १८ बाय १८ इंच. तिथून हवा खाली एका पत्र्याच्या पेटीत येते आणि पेटीतून ८ इंची चार फ्लेक्सिबल पाइप पीओपी सीलिंगच्या वरून हॉल, स्वयंपाकघर आणि दोन बेडरूमकडे जातात. हॉल १५ बाय २०, बेडरूम १२ बाय १२, स्वयंपाकघर १० बाय १२. सीलिंगची उंची ९ फूट.

आता अडचण. कूलरच्या तोंडाशी हवेचा जोर भरपूर आहे. हॉलमध्ये बरी येते. मागच्या बेडरूममध्ये, जिथे बाबा झोपतात, तिथे ग्रिलला हात लावला तरच कळतं की कूलर चालू आहे. थर्मामीटर लावून पाहिला. बाहेर ४२ असताना कूलरच्या तोंडाशी २७ आणि मागच्या ग्रिलला ३२.

ठेकेदार म्हणतो मोटर लहान पडली, दीड एचपीची टाका. त्याचे पैसे वेगळे. मला ते पटत नाही. लाइटचं भोक उघडं होतं तिथून मोबाइल आत घालून फोटो काढले. पाइप अजगरासारखा वेटोळं घालून सीलिंगच्या चॅनेलवर पडलाय. एका बीमखाली तो दाबून चपटा झालाय. जोडाला राखाडी कापडी टेप आणि त्यावर बाइंडिंग वायर.

सीलिंगला रंग देऊन झालाय. फोडायचं म्हटलं की आईचा जीव तुटतो. पण नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापते नऊ दिवस) लागायच्या आत काहीतरी करायलाच हवं. फोडावं का? की मोटर बदलून भागेल? ठेकेदाराचा शेवटचा हप्ता अजून माझ्याकडे आहे.

काळी_माती

भाऊ, आधी खिडक्या पाहा. कूलरची हवा आत आली तं तेवढीच बाहेर निघाली पाहिजे. आमच्या यवतमाळात लोक एसी समजून दारं-खिडक्या लावून बसतात, मंग म्हणतात हवा काहून येत नाही. खोली कोंदते, अंग चिकचिक करते, अन् मागून हवा येतच नाही. बाबांच्या खोलीची खिडकी वीतभर उघडून पाहा.

आर्वीकर

पाहिलं भाऊ. खिडकी उघडल्यावर थोडा फरक पडतो, पण थोडाच. हॉलमध्ये खिडकी उघडली की लगेच जाणवतं, मागे नाही.

शहरी_पाहुणा

एवढी डोकेफोड कशाला? बाबांच्या खोलीत दीड टनाचा एसी बसवा आणि मोकळे व्हा.

आर्वीकर

विचार केला होता. संध्याकाळी गावात व्होल्टेज इतकं पडतं की ट्यूबलाइट फडफडते. एसी नेमका त्याच वेळी बंद पडणार. शिवाय आई दिवसभर स्वयंपाकघरात असते. एका खोलीत गारवा आणि ती चुलीशी घामाघूम, हे मला नको आहे.

पत्राकाम

मी नागपुरात डक्टिंगचं काम करतो. तुमचे फोटो न बघताही सांगू शकलो असतो, कारण हल्ली नव्या घरांत हेच सगळीकडे दिसतं. सविस्तर लिहितो, कारण घरात आजारी माणूस आहे आणि मोटरवर पैसे घालून तुमच्या हाती काही लागणार नाही.

पहिलं म्हणजे हिशोब. कूलरसाठी साधा नियम आहे: खोलीचे घनफूट भागिले दोन, तेवढी सीएफएम हवा हवी. म्हणजे दर दोन मिनिटांनी खोलीतली सगळी हवा बदलते. तुमची बेडरूम साधारण १३०० घनफूट, तिला ६५० लागते. हॉलला १३५०, स्वयंपाकघराला ५४०. सगळं मिळून ३२०० च्या आसपास. कूलर ५००० चा आहे. पाटीवरचा आकडा डक्ट न लावता मोजलेला असतो, म्हणून काही वजा करा, तरी कूलर लहान नाही.

आता पाइप. कूलरचं तोंड ३२४ चौरस इंच. ८ इंची पाइपाचं तोंड ५० चौरस इंच, चारांचं मिळून २०० च्या जरा वर. म्हणजे सुरुवातीलाच वाट तिसऱ्या हिश्शाहून जास्त अरुंद केली. ८ इंची पाइपातून ६५० सीएफएम न्यायची तर हवेचा वेग मिनिटाला जवळजवळ १९०० फूट लागतो. घरातल्या फ्लेक्सी पाइपाला तो फार झाला. तीच हवा १२ इंचीतून नेली तर वेग ८०० ते ८५० वर येतो. पाइपाचा व्यास थोडा वाढला तरी अडथळा फार उतरतो. तेवढीच हवा १० इंचीतून नेताना जेवढा दाब लागतो, त्याच्या तिप्पट ८ इंचीला लागतो.

हे झालं पाइप ताणून सरळ बसवला तर. तुमचा तसा नाही. फ्लेक्सी पाइप म्हणजे आत तारेचं स्प्रिंग, त्यावर पातळ पापुद्रा, मग ग्लासवूल, वर चंदेरी कागद. खोक्यात तो दाबून भरलेला येतो. पूर्ण ताणला की आतली बाजू गुळगुळीत होते. आखडून ठेवला की आत सुरकुत्या राहतात आणि प्रत्येक सुरकुती हवा अडवते. लांबीत ३० टक्के आखडलेला पाइप ताणलेल्या पाइपाच्या चौपट किंवा त्याहून जास्त अडथळा करतो. लावणारा काय करतो? पाइप कापायला लागू नये म्हणून अख्खा तसाच वर ढकलतो. २० फुटांच्या वाटेत ३० फूट पाइप कोंबलेला मी स्वतः काढलाय.

लावायची रीत ठरलेली आहे. दर ५ फुटांवर स्लॅबला टांगलेला आधार, त्याहून लांब नाही. दोन आधारांमध्ये झोल फुटामागे अर्ध्या इंचाहून जास्त नको. टांगायची पट्टी निदान दीड इंच रुंद, कारण बारीक तार पाइपात रुतते आणि तिथेच तो आवळला जातो. वळण पाइपाच्या व्यासाइतक्या त्रिज्येचं तरी हवं. आणि तो सीलिंगच्या चॅनेलवर कधीही टेकवायचा नाही.

कापडी टेपचं सांगतो, कारण ते सगळ्यात फसवं आहे. नाव डक्ट टेप, पण डक्टच्या जोडाला ती टिकत नाही. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत जोडांवरच्या टेपा तापवून तपासल्या, तेव्हा कापडी टेपच सुटत गेली. आपल्याकडे तर मे महिन्यात स्लॅबच्या खालची पोकळी भट्टी असते. पाइप पत्र्याच्या कॉलरवर (जोडासाठी बाहेर काढलेल्या गोल नळीवर) इंचभर तरी पुढे चढवायचा, आतल्या पापुद्र्याला क्लॅम्प, मग ग्लासवूल आणि वरचा कागद ओढून दुसरा क्लॅम्प, वर अ‍ॅल्युमिनियम फॉइलची टेप. २७ ची हवा ३२ झाली त्याचं कारण इथेच आहे. हवा सावकाश सरकते, तापलेल्या पोकळीत जास्त वेळ राहते, आणि फाटक्या जोडातून गार हवा सीलिंगच्या वर गळते.

मोटरबद्दल. तुमच्या कूलरमध्ये पाती असलेला पंखा आहे की गोल पिंजऱ्याचा ब्लोअर? पंख्याला डक्टचा दाब सोसत नाही. ब्लोअर असेल तर वायरमनकडून क्लॅम्प मीटरने करंट मोजून घ्या. वाट चोंदलेली असली की ब्लोअर कमी हवा ढकलतो आणि करंटही कमी घेतो. पाटीवरच्या आकड्यापेक्षा करंट बराच कमी आला तर मोटर लहान नाही, तिला काम करायला वाटच नाही. आणि ब्लोअरचे फेरे २० टक्के वाढवले तर हवा जास्तीत जास्त २० टक्के वाढेल, वीज मात्र ७० टक्क्यांहून जास्त लागेल. संध्याकाळच्या तुमच्या व्होल्टेजवर ती मोटर जळेल.

सीलिंग उघडण्याआधी एक सोपी चाचणी करा. २०० लिटरच्या पिंपात घालायची मोठी प्लास्टिकची पिशवी घ्या, चेपून पूर्ण रिकामी करा, तोंड ग्रिलवर घट्ट धरा आणि भरायला किती सेकंद लागतात ते पाहा. दोन सेकंदांत भरली तर २१० सीएफएम, चार सेकंदांत भरली तर साधारण १०५.

आर्वीकर

दादा, इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

गोल पिंजऱ्याचा ब्लोअरच आहे. पिशवी लावली. हॉलमध्ये दीड सेकंद, बाबांच्या खोलीत चार. म्हणजे लागते ६५० आणि येते १०५! वायरमनने करंट मोजला, पाटीवर ५ अँपिअर आहे आणि मीटरवर ३.४ आला. ठेकेदाराला फोनवर सांगितलं तर म्हणतो, सगळे असंच लावतात, कुणाची तक्रार नाही.

आता फोडायचं हे नक्की. पण सगळंच काढून पत्र्याचा डक्ट करायचा की फ्लेक्सी नीट करून भागेल?

काळी_माती

फ्लेक्सी ठेवाल तं उंदराचा बंदोबस्त करजा. आमच्या घरी सोयाबीन निघाल्यावर उंदीर वर चढले, चंदेरी कागद फाडून ग्लासवूलमध्ये घरटं केलं. पाइप जिथून स्लॅबमधून खाली येतो तिथली फट सिमेंटनं बुजवा. अन् पावसाळ्यात कूलर बंद केल्यावर वरचं तोंड ताडपत्रीनं बांधून ठेवत जा.

पत्राकाम

काळी_माती भाऊ बरोबर बोलले.

सगळं काढायची गरज नाही. पेटीपासून मधल्या पॅसेजमधून एक पत्र्याचा मुख्य डक्ट न्या, आयएस ६५५ या भारतीय मानकाप्रमाणे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याचा. बाहेरून इन्सुलेशन हवंच, वरचा स्लॅब तापतो. पेटीतून निघताना निदान १८ बाय १८ ठेवा, पुढे फाटे फुटत जातील तसा लहान करत न्या. सीलिंगच्या वर तुमच्याकडे उंची किती आहे ते मोजा. १८ इंच बसत नसेल तर २४ बाय १४ चा चपटा करा. मुख्य डक्टपासून ग्रिलपर्यंतचे शेवटचे ५-६ फूट तेवढे फ्लेक्सीचे. बेडरूम आणि स्वयंपाकघराला १२ इंची, हॉलला १२ इंचीचे दोन. फ्लेक्सी पाइप वाईट नाही. शेवटच्या तुकड्यात तो पत्र्यापेक्षा सोयीचा आहे, आवाजही कमी करतो. अख्खं घर त्याच्यावर टाकतात तिथे बिघडतं.

बीमखालून चपटा पाइप जाऊ देऊ नका. तिथे पत्र्याचा चपटा तुकडा घाला, क्षेत्रफळ तेवढंच राहील असा. आताच्या ग्रिलही बहुतेक लहान असतील. १२ इंचीला १५ बाय १५ ची ग्रिल लावा, नाहीतर तिथे शिट्टी वाजेल. प्रत्येक फाट्यावर डॅम्पर (हवा कमी-जास्त करायची फिरती पट्टी) ठेवा, म्हणजे दुपारी हॉलची हवा थोडी आवळून बाबांच्या खोलीकडे वळवता येईल.

आणि एक विसरू नका. वाट मोकळी झाली की ब्लोअर जास्त हवा ढकलेल आणि करंट वाढेल. काम झाल्यावर पुन्हा मोजा. ५ च्या वर गेला तर मोटरची पुली थोडी लहान करून फेरे उतरवा.

ग्राहक_बाजू

पैशांबद्दल थोडं. शेवटचा हप्ता नुसता अडवून ठेवू नका, लेखी द्या. फोटो, पिशवीची चाचणी, तापमान, करंट हे सगळं तारखेसह लिहा, इतक्या दिवसांत दुरुस्ती करून द्या म्हणून स्पीड पोस्टाने ठेकेदाराला पाठवा. बहुतेक वेळा तेवढ्यावर माणूस येतो. नाहीच आला तर ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ खाली ही सेवेतली त्रुटी ठरू शकते. वर्ध्याच्या जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीचं शुल्क नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवून ठेवा. सीलिंग उघडताना व्हिडिओ काढा. एकदा पाइप काढला की पुरावा गेला.

आर्वीकर

पत्र पाठवलं. त्यावर ठेकेदाराचा स्वतःहून फोन आला. मजुरी तो करणार, पत्रा आणि मोठा पाइप माझ्याकडून. मला हे मान्य आहे. भांडण जिंकण्यापेक्षा बाबा या उन्हाळ्यात नीट झोपले पाहिजेत.

सीलिंगची उंची मोजली, स्लॅबपर्यंत १७ इंच मिळतात, म्हणजे २४ बाय १४ चा चपटा डक्टच. पण १४ इंच डक्ट आणि वर इन्सुलेशन बसेल ना? आणि पीओपी परत बंद करताना तपासायला झडप कुठे ठेवू?

पत्राकाम

बसेल, इंचभर इन्सुलेशन धरलं तरी वरखाली मिळून १६ होतात. आधाराच्या पट्ट्या डक्टच्या बाजूने घ्यायला सांगा, खालून आडवा अँगल घातला तर अडेल.

झडप दोन ठिकाणी: पेटीखाली एक आणि बाबांच्या खोलीच्या फाट्यापाशी एक. २ बाय २ फुटांची ठेवा, माणसाचे खांदे आत गेले पाहिजेत. पीओपीवाल्याला बोलावण्याआधी कूलर तासभर चालवा, प्रत्येक जोडाभोवती उदबत्ती फिरवून धूर कुठे हलतो ते पाहा, आणि चारही ठिकाणी पिशवी लावा. बाबांच्या खोलीत ती पाऊण सेकंदाच्या आत भरली पाहिजे. तोवर सीलिंग बंद करू देऊ नका.