पुदिना आणि चॉकलेट: तुमचा अनुभव काय?

आमच्या घरात या जोडीवरून सरळ दोन तट आहेत. मला ती फार आवडते. नवऱ्याच्या मते हा दात घासता घासता केक खाण्याचा प्रकार आहे. म्हणून हा धागा. कुठे खाल्लंत, घरी केलं असेल तर ताजी पानं की इसेन्स, सगळं लिहा. नावडत असेल तरी लिहा, पण नुसतं 'ईईई' नको, कारण द्या!

लीड्सहून
इथे जेवणं आटोपली की आफ्टर एटचा डबा फिरतो. यॉर्कच्या राउनट्री कंपनीने १९६२ मध्ये काढलेला प्रकार, आता नेस्लेकडे आहे. पातळ चौकोनी वडी, प्रत्येक वेगळ्या काळ्या पाकिटात. आमच्याकडे वडी खाऊन रिकामं पाकीट गुपचूप परत डब्यात खोचणारे एक गृहस्थ आहेत, नात्याने माझे सासरे.
आतलं ते ओलसर पांढरं सारण भरतात कसं, याचं मला कोडं होतं. तर ते भरताना घट्टच असतं. त्यात इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम घालतात. वर चॉकलेट चढल्यावर ते आतल्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करत बसतं आणि सारण हळूहळू मऊ पडतं. म्हणजे डबा दुकानात पडून असतानाही काम चालूच.

नाशिकहून
मी ताज्या पुदिन्याचं गनाश (क्रीम आणि चॉकलेटचं मऊ मिश्रण) करते. २०० मिली क्रीम, दोन मुठी पानं (देठ काढून, धुऊन, फडक्यावर अगदी कोरडी करून). क्रीमला कडेने बुडबुडे आले की गॅस बंद, पानं आत, वर झाकण. वीसेक मिनिटांनी गाळायचं. पानं दाबून पिळायची नाहीत, हिरवट कडूपणा उतरतो. क्रीम परत गरम करून २०० ग्रॅम चिरलेल्या डार्क चॉकलेटवर ओतायचं, जरा थांबून मधोमध ढवळायचं.
एक लक्षात घ्या, मंडईतला पुदिना बहुतेक स्पिअरमिंट जातीचा असतो. त्यात मेंथॉल जवळजवळ नसतंच, त्यामुळे जीभ गार पडत नाही. येतो तो पानाचा ताजा वास. कुणाला चटणी आठवते, मला चालतं.

सांगलीहून
मी 'ईईई' पार्टी. कारण देतो. मेंथॉलमुळे तोंडातल्या गारवा ओळखणाऱ्या चेतातंतूंची फसगत होते. खरं तर काहीच थंड झालेलं नसतं. चॉकलेटचं सुख ते जिभेवर सावकाश विरघळण्यात. त्यात ही खोटी थंडी कशाला? वर दुसऱ्या दिवशी ब्रश करताना आइस्क्रीम आठवतं ते वेगळंच.

न्यू जर्सीहून
इकडे वर्षाच्या सुरुवातीला गर्ल स्काउटच्या मुली बिस्किटं विकायला दारात येतात. त्यातली थिन मिंट्स घ्यायची आणि फ्रीजरमध्ये टाकायची. बास, पुढे काही सांगत नाही.

पुण्याहून
सांगलीकर दादा, टूथपेस्टची चव बहुतेक वेळा प्रमाण चुकल्याने येते. पेपरमिंट तेल थेंबांनी मोजायचं, चमच्याने नाही. आणि गोड मिल्क चॉकलेटऐवजी ७० टक्क्यांचं घ्या, त्याचा कडूपणा पुदिन्यापुढे टिकतो. पाण्यातलं इसेन्स मात्र नुसत्या वितळलेल्या चॉकलेटमध्ये घालू नका. चमचाभर पाण्यानेही ते दाणेदार होऊन घट्ट होतं, मग चॉकलेटच्या वड्या पाडायचं विसरा. तेलातलाच अर्क हवा.

डोंबिवलीहून
नाशिकच्या ताई, वाळवलेला पुदिना चालेल का? घरात बरणीभर पडलाय.

नाशिकहून
तो रायत्यातच बरा गं, क्रीममध्ये गवतासारखा लागतो. त्यापेक्षा पेपरमिंट चहाच्या साध्या पिशव्या आण, ग्रीन टी मिसळलेल्या नकोत. २०० मिलीला दोन पुरतात. याने जीभ गार पडते बरं का, सांगलीकरांना वाढू नकोस.