जेलमधून सुटलेल्यांचा रेझ्युमे: मधली वर्षं कशी दाखवायची?

साधीसरळ (प्रश्न)
शिक्षा भोगून बाहेर आलेल्या लोकांना रेझ्युमे लिहून द्यायचं काम आम्ही काहीजण करतोय. बाकी जमतं, अडतं ते मधल्या वर्षांपाशी. आत्ता एक गृहस्थ आलेत, आधी गोडाऊनला होते, आत सुतारकाम शिकले, पुढे तिथल्या वर्कशॉपची सगळी अवजारं त्यांच्याच ताब्यात असायची, पण यातलं काहीच लिहू नका म्हणतात कारण ‘मॅडम, जेल वाचलं की कागद बाजूला ठेवतात’. आणि मोकळी जागा सोडली तर तिथूनच प्रश्न सुरू होतात. काय करावं?

एचआर_वाली
भरतीचंच काम करते म्हणून सांगते, काम केलंय ना, मग लिहा. सुतार, अमुक साल ते अमुक साल, टेबलं-बाकं बनवली, कटिंग मशीन चालवलं. ठिकाणापुढे ‘सरकारी वर्कशॉप’ लिहिलंत तरी ते खोटं नाही, विचारलं की सरळ सांगायचं. गुन्हा रेझ्युमेत लिहायची गरज नाही. नुसती सालं टाका, महिने नकोत, पण तारखा पूर्ण गाळू नका, तसा कागद आला की आम्हाला लगेच शंका येते. खोटी कंपनी तर अजिबात नको, पडताळणीत पहिलं तेच सापडतं.

फॉर्ममध्ये विचारलं असेल तर प्रश्न शब्दन् शब्द वाचा. अटक झाली होती का, दोषी ठरलात का, खटला चालू आहे का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. जेवढं विचारलंय तेवढ्याचं खरं उत्तर द्यायचं. खोटं लिहून सही केली तर पुढे कधीही त्याच सहीवरून काढू शकतात.

पुन्हा_उभा
मी स्वतः आत राहून आलोय. ताईंचं सगळं बरोबर पण आमच्यासारख्यांना घाम फुटतो तो मुलाखतीत. विषय निघाला की माणूस एकतर गप्प होतो नाहीतर कोर्ट, वकील, मित्राने कसं अडकवलं अशी सगळी कहाणी सांगत बसतो. हे घोटून घ्या त्यांच्याकडून: ‘अमुक साली माझ्या हातून गुन्हा झाला, शिक्षा पूर्ण केली. आत सुतारकाम शिकलो. तुमच्याकडचं फर्निचरचं काम मी करू शकतो.’ बस. कोणाच्या तरी समोर बसवून मोठ्याने म्हणायला लावा, पहिल्यांदा आवाजच फुटत नाही.

आणि ती अवजारांची गोष्ट सगळ्यात वर लिहा हो! पटाशी, करवत आत कोणाच्याही हातात देत नाहीत, मोजून देतात, मोजून परत घेतात. तो हिशोब ज्याच्याकडे होता त्याच्यावर केवढा विश्वास असेल, पण बाहेरच्या मालकाला हे सांगितल्याशिवाय कळणार कसं?

कागदपत्र_काका
रेझ्युमेच्या आधी त्यांचं रेकॉर्ड काढून बघा. निर्दोष सुटलेली केस चालू दिसते, नाव सारखं म्हणून दुसऱ्याचीच चिकटते, असं होतं. निकालाची प्रमाणित प्रत जवळ असू दे. काही देशांत ठरावीक काळानंतर काही शिक्षा सांगाव्याच लागत नाहीत, ब्रिटनमध्ये १९७४ चा तसा कायदा आहे, तेव्हा आपल्याला काय लागू पडतं ते वकिलाला विचारूनच फॉर्म भरा.

‘कागद बाजूला ठेवतात’ हे मात्र त्यांचं अगदी खरं आहे. डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत सारखीच पात्रता दाखवणारे तरुण नोकऱ्या मागायला पाठवले होते, २००३ मध्ये ते छापून आलं. गोऱ्या उमेदवारांत रेकॉर्ड नसलेल्यांना ३४ टक्के ठिकाणांहून बोलावणं आलं, रेकॉर्डवाल्यांना १७. काळ्यांत १४ आणि ५, म्हणजे रेकॉर्ड नसलेला काळा तरुण रेकॉर्डवाल्या गोऱ्याच्याही मागे. पण त्यांच्याच नंतरच्या अभ्यासात, मालकाशी समोरासमोर बोलायला मिळालं तिथे रेकॉर्डचा फटका कमी बसला. म्हणून नुसते ऑनलाइन अर्ज टाकत बसू नका, छोट्या वर्कशॉपच्या मालकांना प्रत्यक्ष भेटायला पाठवा.

साधीसरळ
खूप आभार सगळ्यांचे, अवजारांचं आजच वर घेते. एक राहिलं, तिथल्या इन्चार्जकडून पत्र मागू का? लेटरहेडवर जेलचं नाव असणार ना.

एचआर_वाली
मागाच. अर्जासोबत जोडू नका, मुलाखतीत विषय निघाला की पुढे करायचं. आणि ‘वर्तणूक चांगली’ एवढ्यावर भागवू देऊ नका, कोणतं काम, किती वर्षं, कशाचा ताबा, हे सगळं लिहून घ्या त्यात.