ई-स्कूटरच्या सहलीत २५ चा वेग कशासाठी?

टिळकवाडीकर: बेळगावचा किल्ला, कॅम्प म्हणजे लष्करी छावणीचा भाग आणि यळ्ळूरचा डोंगरी किल्ला राजहंसगड अशी गाईडसह ई-स्कूटरची सहल काढू पाहणाऱ्या शहापूरकरांनी काल लिहिले की, कायदाच ताशी २५ किलोमीटरपर्यंत मुभा देतो, तेव्हा २० ने नेले तर कोणी कुरकुर करू नये. हे वाचून राहवले नाही. मोटार वाहन नियमांतली २५ किलोमीटर आणि २५० वॉटची अट गाडीला नोंदणी व परवाना लागतो की नाही एवढेच ठरवते; आयुष्यात पहिल्यांदा हँडल धरणाऱ्याला किती वेग झेपेल, याच्याशी तिचा संबंध नाही. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरला आणि ब्रेक बेताचे असले, तर २० च्या वेगात गाडी थांबायला सुमारे ११ मीटर लागतात, १२ च्या वेगात पाचच. शिवाय रांगेत पुढचा गाईड १५ ने निघाला की वळणावर मागे पडलेला शेवटचा पर्यटक गाठण्याच्या धडपडीत २० ओलांडतो, म्हणजे सर्वांत कच्चा चालक सर्वांत जोरात धावतो. म्हणून वेग शेवटच्याचा मोजावा. किल्ल्यात ८, कॅम्पात १२ आणि गाईड दोन, एक पुढे व एक मागे, असे माझे म्हणणे आहे.

शहापूरकर: १२ च्या वेगाने गेलो तर शाळकरी पोर सायकलवरून टाटा करीत पुढे जाईल आणि राजहंसगड गाठेपर्यंत दिवस मावळेल. मोठ्या रस्त्यावर इतक्या हळू जाणाऱ्याच्या पाठीशी बस हॉर्न देत चिकटते, तो धोका आपल्या गणितात कुठे आहे?

टिळकवाडीकर: उभ्याने चालवायच्या दुचाकी विद्युत गाड्या बनवणाऱ्या सेगवेसारख्या कंपनीनेही नवशिक्यासाठी ताशी १० च्या आसपासची वेगळी मर्यादा ठेवली होती. त्यांना धंदा कळत नव्हता, असे आपले म्हणणे आहे काय?

खानापूरकर: आकडे ठीक आहेत, परंतु आमच्याकडे माणूस पडतो तो स्पीडब्रेकरवर. माझी वहिनी तिन्हीसांजेला पांढरा पट्टा नसलेल्या उंचवट्यावरून उडाली आणि दीड महिना मनगट प्लास्टरमध्ये घेऊन बसली. रस्त्यांची मापे ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मापाप्रमाणे उंचवटा १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, तेव्हा कुठे तो २५ च्या वेगात सुखरूप ओलांडता येतो. इथे गल्लीतले लोक उरलेले डांबर रातोरात टाकून हातभर रुंदीची भिंतच उभी करतात. त्यावर स्कूटरची एवढीशी चाके काय टिकणार?

शहापूरकर: त्याच भिंतींमुळे आमच्या दारातली मुले जिवंत आहेत. गल्लीत राहून पाहा, मग मापे सांगा.

खानापूरकर: मुलांचे नाव पुढे केले की कोणी बोलायचे नाही, ही जुनीच युक्ती आहे. पट्टा मारायला मुलांनी अडवले होते काय?

यळ्ळूरकर: उंचवट्यांवरचे भांडण पुरे. खरी गोष्ट गडाच्या उताराची आहे. उतरताना मोटर वीज तयार करून बॅटरीत भरते आणि त्यानेच वेग आवरतो. पण वर चार्जिंग करून लगेच उतरलात तर भरलेल्या बॅटरीला आणखी वीज घेता येत नाही, त्यामुळे मोटरचा ब्रेक ढिला पडतो आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. उतारावर १० च्या वर जाऊ देऊ नये. त्याखेरीज टिळकवाडीकरांचा हट्ट मला अतिरेकी वाटतो.

शहापूरकर: बरे, किल्ल्यात ८ आणि उतारावर १० कबूल, आपणा विद्वानांच्या समाधानासाठी. यळ्ळूर रस्त्यावर मात्र १८ च्या खाली येणार नाही, आणि दुसऱ्या गाईडचा पगार टिळकवाडीकरांनी द्यावा.

टिळकवाडीकर: पगार तिकिटात धरा. आणि ते १८ शेवटच्या गाडीच्या काट्यावर मोजून दाखवा, आपल्या स्वतःच्या नव्हे.

खानापूरकर: स्पीडब्रेकरला पट्टा कोण मारणार, याचे उत्तर अजून कोणीही दिलेले नाही.